फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर: पैसे टाकण्याआधी आपले पाच अवघड फोटो उघडून बघा

कॅमेरा झाला, लेन्स झाली, नागपूरच्या फुटाळा तलावावरचे सूर्यास्त झाले, पेंचची एखादी सफारी झाली, की पुढचा प्रश्न येतो तो एडिटिंगचा. त्यावर एक जण सांगतो, डोळे झाकून लाइटरूम घ्या. दुसरा सांगतो, फुकटचं डार्कटेबल असताना पैसे कशाला घालवता? दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर असतात. पण महिन्यातून दोन रविवार कॅमेरा बाहेर काढणाऱ्याची गरज आणि हंगामात रोज लग्नं शूट करणाऱ्याची गरज एक नसते. त्यामुळे नावावरून किंवा यूट्यूबवरून निवडू नका. आपल्याच कॅमेऱ्यातल्या फायली आपल्याच लॅपटॉपवर उघडून निवडा. एका सुटीच्या दिवशी हे काम होतं.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या: तुम्ही रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढता की नुसतं जेपेग? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. गडद भाग दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळले की जेपेगमध्ये तिथे पट्टे दिसायला लागतात, कारण मधल्या पायऱ्या फाइलमध्ये नसतातच. जेपेगवरच समाधान असेल तर फोनवर स्नॅपसीड आणि कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पुरेसं आहे. दोन्ही फुकट. पुढचं सगळं रॉ काढणाऱ्यांसाठी.

कुठले पाच फोटो?

सोपे फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये छान दिसतात, म्हणून त्रास देणारेच निवडा. पहिला, पहाटेच्या अंधारात आयएसओ ६४०० वर काढलेला जंगलातला फोटो, वाघ असो की चितळ. दुसरा, दुपारच्या उन्हातला दीक्षाभूमीचा पांढरा घुमट. तिसरा, मारबतीच्या मिरवणुकीतला असा चेहरा, ज्याच्या मागे ऊन आहे आणि डोळे सावलीत. चौथा, संत्र्यांचा ढीग. पाचवा, लग्नाच्या हॉलमधला, जिथे स्टेजवर निळे-जांभळे एलईडी आणि समोर पिवळे दिवे असतात.

प्रत्येकात वेगळी गोष्ट तपासायची. घुमटाच्या उन्हाकडच्या बाजूला एक्स्पोजर थोडं खाली आणा आणि बघा: पांढऱ्यावर गुलाबी झाक येते का? सेन्सरचा हिरवा चॅनल बहुधा आधी भरतो. व्हाइट बॅलन्स लावताना लाल आणि निळा वाढवले जातात, हिरवा मात्र तिथेच अडकलेला असतो, म्हणून ही झाक येते. चांगलं सॉफ्टवेअर अशी जागा रंगहीन करतं किंवा शेजारच्या माहितीवरून भरून काढतं.

संत्र्यांचा फोटो दिसतो त्यापेक्षा कठीण आहे. सॅच्युरेशन थोडं वाढवलं की लाल चॅनल २५५ ला टेकतो आणि निळा शून्याकडे जातो. सालीवरचे बारीक खड्डे नाहीसे होतात, फळ प्लास्टिकचं दिसायला लागतं. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) हे कळत नाही, तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम हवा. सॉफ्टवेअर तो दाखवतं का, आणि फक्त नारिंगी रंगाची चमक खाली आणता येते का, हे इथेच समजतं. हॉलच्या फोटोत निळ्या प्रकाशातल्या चेहऱ्यावर सपाट निळे डाग पडतात का ते बघा.

एका फोटोला १५ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. नंतर सगळे एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, २४०० × ३६०० पिक्सेल, जेपेग क्वालिटी ९० वर एक्स्पोर्ट करा आणि १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी लावून बघा. ८ × १२ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने नेमके एवढेच पिक्सेल लागतात.

आधी कॅमेरा कंपनीचं

कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप. तिन्ही फुकट आणि तिन्ही दुर्लक्षित. दिसायला जुनाट आणि कामाला संथ आहेत, हे खरं. पण कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जो रंग दिसला तोच रंग इथे पहिल्या क्षणी मिळतो, कारण पिक्चर स्टाइल किंवा पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग) जसंच्या तसं फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता येतं. एनएक्स स्टुडिओमध्ये तर कंट्रोल पॉइंट ठेवून तेवढाच भाग उजळता येतो. फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ वेगळ्या तऱ्हेने चालतं: कॅमेरा यूएसबी केबलने जोडावा लागतो आणि प्रोसेसिंग कॅमेऱ्याच्याच चिपवर होतं, त्यामुळे जुना लॅपटॉपही अडत नाही. महिन्याला ३०-४० फोटोच तयार करायचे असतील तर शोध इथेच थांबवायला हरकत नाही.

रॉथेरपी की डार्कटेबल?

दोन्ही फुकट, दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. नवख्या माणसाने आधी रॉथेरपी उघडावं असं आमचं मत आहे. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने बनवलेलं छोटं जेपेग असतं. रॉथेरपी त्याच्याशी जुळणारा टोन कर्व्ह (उजेड-अंधाराचा तोल ठरवणारी रेषा) स्वतःच लावतं, म्हणून सुरुवातच ओळखीच्या चित्रापासून होते. एक खोड लक्षात ठेवा: नॉइज (कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे) कमी करण्याचा आणि शार्पनिंगचा परिणाम १०० टक्के झूमवरच दिसतो. पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून स्लायडर ओढत बसलात तर काहीच बदलत नाही असं वाटतं आणि हात वाजवीपेक्षा जास्त जातो.

डार्कटेबलची ताकद मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडण्यात आहे. ब्रश, ग्रेडियंट, रंगानुसार किंवा उजेडानुसार निवड, हे जवळपास प्रत्येक मॉड्यूलला (एडिटिंगच्या एकेका साधनाला) लावता येतं. मारबतीच्या फोटोतला सावलीतला चेहरा पाठीमागचं ऊन न बिघडवता उचलायचा असेल तर फुकटात याच्याइतकं दुसरं काही नाही. पण पहिल्याच दिवशी लोक सोडून देतात, कारण फोटो फिका दिसतो. त्यावर इलाज असा: सेटिंग्जमधल्या प्रोसेसिंगमध्ये जाऊन आपोआप लागणाऱ्या वर्कफ्लोसाठी सीन-रेफर्ड सिग्मॉइड निवडा. मग एक्स्पोजर मॉड्यूलने चेहरा हवा तेवढा उजळ करा, आकाश जळल्यासारखं दिसलं तरी तिकडे लगेच बघू नका. नंतर सिग्मॉइडमध्ये कॉन्ट्रास्ट, आणि रंगासाठी कलर बॅलन्स आरजीबी. शेवटी डिनॉइज प्रोफाइल्ड आणि लेन्स करेक्शन. हौशी कामाचा मोठा भाग या पाच-सहा मॉड्यूलमध्ये उरकतो, बाकीची डझनावारी मॉड्यूल्स खुशाल झाकून ठेवा.

डार्कटेबलमध्ये बिघडतं ते दोन ठिकाणी. जुना व्हिडिओ बघून बेस कर्व्ह (टोनचं जुनं मॉड्यूल) चालू केला आणि सिग्मॉइडही चालूच राहिला, तर टोन दोनदा दाबला जातो आणि चेहरे मातकट होतात. एका वेळी एकच. दुसरं, कलर कॅलिब्रेशन वापरत असाल तर व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेरा रेफरन्सवरच राहू द्या. दोन्हीकडे बदल केला की दुरुस्ती दोनदा लागते. तसा इशाराही स्क्रीनवर येतो, पण तो वाचतो कोण!

नवा कॅमेरा असेल तर फाइल उघडतच नाही, असंही होतं. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असते. नवी घ्या, नाहीतर लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरने फाइल बदलून बघा. निकॉन झेड ८, झेड ९ वाल्यांनी कॅमेऱ्यात हाय एफिशियन्सीऐवजी लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ ठेवावं, म्हणजे सॉफ्टवेअर निवडायला मोकळीक राहते.

फोटोतली विजेची तार काढणं, दोन फोटो जोडणं, अक्षरं टाकणं हे वेगळं काम आहे. त्याला गिम्प आहेच. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात. ॲफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं. त्याला कॅन्व्हाचं खातं लागतं, एआयची साधनं मात्र पैशाची, आणि लिनक्सवर ते नाही. रॉ सॉफ्टवेअरमधून तिकडे १६ बिट टिफ पाठवा. २४ मेगापिक्सेलचं एक टिफ सुमारे १४४ एमबीचं होतं, म्हणून काम झाल्यावर उडवत चला.

पैसे कधी द्यायचे

एकाच कारणासाठी: नॉइज. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याला वारंवार जाणाऱ्यांचे निम्मे फोटो कमी उजेडातले असतात. तिथे लाइटरूमचं एआय डिनॉइज आणि डीएक्सओचं डीपप्राइम फुकटवाल्यांच्या बरंच पुढे आहे. मिशा आणि कानावरचे केस शाबूत राहतात. डीएक्सओ एकदा पैसे भरून कायमचं घेता येतं. लाइटरूमला वर्गणी लागते. दोघांची चाचणी आवृत्ती मिळते, ती सफारीहून आल्यावर सुरू करा, आधी नाही. नॉइज काढायची ही दोन्ही साधनं ग्राफिक्स कार्डवर चालतात. लॅपटॉपला वेगळं कार्ड नसेल तर एका फोटोला कित्येक मिनिटं लागू शकतात, आणि मग तुलनाच फसते.

वर्गणी घेताना 'वार्षिक करार, मासिक हप्ता' हे शब्द नीट वाचा. दिसायला ती महिन्याची वर्गणी वाटते, पण मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या रकमेतला काही भाग भरावा लागू शकतो. डॉलर-युरोत किंमत असेल तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून हिशेब करा. आणि वर्गणी थांबल्यावर काय उरतं तेही बघा: लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, एक्स्पोर्ट होतात, पण डेव्हलप बंद पडतं.

पेन ड्राइव्हवर मिळणाऱ्या क्रॅक आवृत्तीच्या नादी लागू नका. क्रॅकबरोबर रॅन्समवेअर (खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) येऊ शकतं आणि ते फोटोंच्या फायलीही कुलूपबंद करतं.

लॅपटॉप आणि मे महिना

८ जीबी रॅमवर काम होतं, १६ वर सुखाने होतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी एसएसडी टाका, फरक जास्त दिसेल. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी २०० फोटोंचं एक्स्पोर्ट लावलं की लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला आवरतं घेतो आणि तेच काम रेंगाळतं. मोठं एक्स्पोर्ट सकाळी लावा. वेगाची चाचणीही सगळ्या सॉफ्टवेअरची एकाच वेळी घ्या, एकाची सकाळी आणि दुसऱ्याची दुपारी नको. लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवून थंड करायचा मोह होतो, पण ती हवा ओली असते. साधा पंखा बरा.

केलेलं एडिटिंग कुठे साठतं हे पहिल्याच दिवशी शोधा. डार्कटेबल मूळ फाइलशेजारी एक्सएमपी ठेवतं, रॉथेरपी पीपी३. फोल्डर हलवताना या छोट्या फायली मागे राहिल्या की रॉ कोरं उघडतं. एका सॉफ्टवेअरचं एडिटिंग दुसऱ्यात जवळपास जातच नाही. फोटोला दिलेले तारे (पसंतीचे गुण) आणि कीवर्ड तेवढे जातात. म्हणून उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी चालेल अशा बेताने, आवडलेल्या प्रत्येक फोटोचं पूर्ण आकाराचं जेपेग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत चला.

शेवटची चाचणी कागदावर घ्या. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, पाचही फोटो एसआरजीबीमध्ये सीताबर्डीतल्या एखाद्या लॅबला द्या आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुमच्या एडिटिंगवर त्यांचं मशीन आपलं एडिटिंग करतं. सगळ्या प्रिंट सारख्याच काळपट आल्या तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, तुमचा स्क्रीन फार उजळ आहे. एकाच सॉफ्टवेअरची संत्री सपाट आली, तर ते यादीतून काढा.