बेबेरी कुळातली झुडपं ओळखताना या चुका टाळा

बेबेरी म्हणजे सुवासिक पानांची झुडपं, त्यांतल्या काहींच्या फळांवर मेणाचा थर असतो. पान चुरगळायचं, सुवास आला की 'बेबेरी' म्हणून मोकळं व्हायचं. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. तमालवर्गीय लॉरेल आणि मर्टल यांची पानंही सुवासिकच असतात. शिवाय न बघता पान चुरगळणं धोक्याचं आहे. पॉयझन आयव्ही आणि पॉयझन सुमॅक यांनाही फिकट पांढरट फळांचे घोस येतात आणि त्यांच्या नुसत्या स्पर्शाने अंगावर फोड उठतात. त्यांची पानं संयुक्त, म्हणजे छोट्या पर्णिकांत विभागलेली असतात, आयव्हीला तीन पर्णिका, सुमॅकला सात ते तेरा. बेबेरीचं पान साधं, पर्णिकांत न विभागलेलं. एवढी खात्री होईपर्यंत हात लावूच नका.

मग पानांची मांडणी बघा. बेबेरी कुळात पानं एकाआड एक येतात. समोरासमोर दिसली तर ते मर्टल असू शकेल, बेबेरी नक्कीच नाही.

खरी ओळख पानावरच्या राळेच्या ग्रंथींत आहे. दहापट भिंगातून त्या पिवळ्या, चकचकीत ठिपक्यांसारख्या दिसतात. बरेच जण पानाची फक्त वरची बाजू पाहतात आणि फसतात. दक्षिणी वॅक्स मर्टलला (मोरेला सेरिफेरा, नावात मर्टल असलं तरी ही बेबेरीच) हे ठिपके दोन्ही बाजूंना असतात, तर उत्तरी बेबेरीला (मोरेला पेन्सिल्वानिका) मुख्यतः खालच्या बाजूला, वर तुरळक किंवा अजिबात नाहीत. त्यामुळे पान उलटून पाहणं हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय. पानाच्या आकारावर मात्र विसंबू नका. छाटलेल्या झुडपाच्या नव्या धुमाऱ्यांवरची पानं भलतीच मोठी होतात, आणि कडेचे दाते एकाच फांदीवर कुठे असतात, कुठे नसतात. फांदीच्या मधलं, पूर्ण वाढलेलं पान घ्या.

फळ दिसलं नाही म्हणून झुडूप बाद करू नका. या कुळात बहुधा नर आणि मादी झाडं वेगळी असतात, नराला फळ धरतच नाही. फळं असतील तर ती पानांच्या खाली, मागच्या वर्षीच्या फांदीवर शोधा. दक्षिणी जातीचं फळ साधारण २ ते ३.५ मिलिमीटर, उत्तरीचं ३.५ ते ५.५. दोन्हींवर करडं-निळसर मेण असतं.

पण मेण नाही म्हणजे कूळ वेगळं, असंही नाही. हिमालयातला काफळ आणि चीनमधला यांगमेई याच कुळातले, त्यांची फळं लाल आणि रसाळ. याच कुळातल्या स्वीट गेलच्या फळाला दोन बाजूंना पंखासारखी सहपत्रं (फुलालगतची छोटी पानं) चिकटलेली असतात. स्वीट फर्न हेही याच कुळातलं, त्याचं फळ काटेरी बोंडासारखं दिसतं आणि पान नेच्यासारखं खोल कातरलेलं, तरी तो नेचा नव्हे.

जुन्या पुस्तकांत मिरिका सेरिफेरा आणि नव्या याद्यांत मोरेला सेरिफेरा दिसलं तर गोंधळू नका, झाड एकच. दक्षिणी आणि उत्तरी, दोन्ही जातींच्या खुणा एकाच झुडपावर सापडल्या तर जबरदस्तीने एक नाव देऊ नका. त्यांचा संकर होतो, आणि नोंदीत फक्त 'मोरेला' लिहिणं चालतं.