डब्ल्यूवाला ‘रेस्ट’: या चुका टाळा

इंग्रजीत दोन ‘रेस्ट’ आहेत. एक आरामाचा; तो कुणालाही शिकवावा लागत नाही. दुसऱ्याचं स्पेलिंग डब्ल्यू-आर-ई-एस-टी. पीळ देऊन, जोर लावून एखादी गोष्ट दुसऱ्याच्या पकडीतून सोडवून घेणं, हा त्याचा मुख्य अर्थ. बोलण्यात तो फारसा येत नाही, पण बातम्यांत आणि अग्रलेखांत बऱ्यापैकी दिसतो. तिथून तो नवशिक्यांच्या लिखाणात शिरतो आणि मग तपासणाऱ्याच्या डोक्याला ताप.

सगळ्यात जास्त चीड येते ती समानार्थी शब्दांच्या यादीतून उचललेल्या ‘रेस्ट’ची. ‘ट्विस्ट’ हा शब्द फार साधा वाटला, यादी उघडली, त्यातला भारदस्त दिसणारा शब्द उचलला, चिकटवला. परिणाम काय, तर जिन्यावर घसरून घोटा ‘रेस्ट’ होतो, बाटलीचं झाकण ‘रेस्ट’ करून उघडलं जातं आणि ओला टॉवेलही ‘रेस्ट’ करून वाळत पडतो. अरे, मराठीत आपण असं करतो का? घोटा मुरगळतो, झाकण फिरवतात, टॉवेल पिळतात, कान पिरगळतात. ‘घोटा पिळला’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तशीच वाटणी आहे. घोट्याला ‘ट्विस्ट’ किंवा ‘स्प्रेन’, झाकणाला ‘ट्विस्ट’, टॉवेलला ‘रिंग’ (हाही डब्ल्यूवाला), वेदनेनं तळमळणाऱ्याला ‘राइद’. ‘रेस्ट’ला मात्र समोर धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. चोराच्या हातातून सुरा, जुन्या मालकाकडून कंपनीचा ताबा, प्रतिस्पर्ध्याच्या तोंडातून विजय.

म्हणून असं वाक्य आलं की मी समासात एवढंच लिहितो: ‘कोणाकडून?’ उत्तर देता आलं तर शब्द राहील, नाही तर काट. धरून ठेवणारा माणूसच हवा असं नाही. खडकाळ जमिनीतून पोटापुरतं पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल इंग्रजी लेखक हाच शब्द वापरतात, कारण तिथे जमीन काही सुखासुखी देत नाही. या वाक्याचं मराठी करताना ‘हिसकावणे’ घातलं तर विचित्र वाटतं. ‘मातीशी झगडून’ म्हटलं की काम झालं.

याच प्रश्नामुळे ‘फ्रॉम’ विसरण्याची चूकही पकडता येते. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याआधी ‘फ्रॉम’. ‘ऑफ’ नाही, ‘विथ’ तर नाहीच. ‘विथ’ लागतं ते ‘रेसल’ला, म्हणजे कुस्तीला.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एका वादातल्या निवेदनाचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. तक्रारदाराचं म्हणणं होतं की समोरच्यांनी त्याचे शब्द ‘रेस्ट’ केले. भाषांतरात काय होतं? ‘समोरच्या पक्षाने माझे शब्द हिसकावून घेतले.’ इथवर एक वेळ हसून सोडलं असतं. पण पुढच्या वाक्यात तक्रारदार म्हणत होता की ते शब्द मूळ संदर्भात वाचले जावेत. भाषांतरकारानं तेही आपल्या हिसकावण्याशी जुळवून घेतलं: ‘माझे शब्द मला परत मिळावेत.’ मी फोन केला.

‘सर, डिक्शनरीत पहिला अर्थ तोच आहे.’

‘आणि दुसरा?’

‘तेवढा वेळ नव्हता.’

दुसरा अर्थच तिथे हवा होता: शब्दांना पीळ घालून भलताच अर्थ काढणं, विपर्यास करणं. हा अर्थ आता क्वचित भेटतो, पण जुन्या लिखाणात भरपूर आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये गरिबाच्या न्यायाचा विपर्यास करू नये अशी आज्ञा आहे, तिथलं क्रियापद हेच. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये बसानिओ न्यायासनापुढे विनवतो की एकदा तरी कायदा जरा वाकवा, तिथेही हेच. म्हणून शब्दकोशातली नोंद मी खालून वर वाचतो. पहिला अर्थ सगळेच वाचतात, घोटाळा बहुतेक वेळा खालच्या ओळीत असतो. घाई असलेल्यांना ही सवय पटत नाही, पण दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ जातो, तो माझा.

आता किरकोळ. डब्ल्यूचा उच्चार करू नका. ‘व्रेस्ट’ असं काही नाही. भूतकाळ साधा, ‘रेस्टेड’. ‘रिंग’चा ‘रंग’ होतो म्हणून याचं काही वेगळं बनवू नका. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर विसंबू नका, डब्ल्यू गळला तरी आरामाचा ‘रेस्ट’ बरोबरच दिसतो आणि लाल रेघ येत नाही.

डब्ल्यू-आर दिसलं की पिळण्याचंच घराणं, असा शॉर्टकटही हल्ली फिरतो. मनगटाचा ‘रिस्ट’, हाराचा ‘रीथ’, वाकड्या तोंडाचा ‘राय’ यांना तो लागू पडतो. पण ‘रॉट आयर्न’मधला (म्हणजे घडीव लोखंडातला) ‘रॉट’ हा ‘वर्क’चा जुना भूतकाळ आहे, त्याचा पिळाशी संबंध नाही. पियानोच्या वर्णनात ‘रेस्ट पिन’ आली तर मात्र घाबरू नका आणि ‘विश्रांतीची खुंटी’ही लिहू नका. तारा ताणून सूर जुळवण्यासाठी ज्या खुंट्या पिळतात त्या याच, पियानोत दोनशेहून जास्त असतात. मराठीत ‘तारेची खुंटी’ पुरते.