अस्वस्थ करणारी मंगा वाचून झाल्यावर

मंगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, शेवटचं पान मिटलं, पोटात गोळा आलाय आणि 'भावा, काय भयाण आहे हे' असं मित्राला पाठवायला हात मोबाईलकडे चाललाय. जरा थांबा. पहिल्या तासाभरात जे सुचतं ते धक्क्यातून येतं, त्यात कथा फारशी नसते.

मुळात पुस्तक हातात घेतानाच मागचं कव्हर बघावं. विझ मीडिया या इंग्रजीत मंगा काढणाऱ्या प्रकाशकाच्या खंडावर 'एम' असेल तर मजकूर प्रौढांसाठी आहे. 'सेनेन' या शब्दावर मात्र विसंबू नका. तो मोठ्या वयाच्या पुरुष वाचकांसाठीच्या मासिकांचा गट आहे, त्यावरून आत किती हिंसा आहे ते कळत नाही. 'शोनेन', म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीचा गट, असं लिहिलंय म्हणून निर्धास्तही होऊ नका. साधारण दोनशे पानांचा खंड झोपेच्या तोंडावर एका बैठकीत संपवू नये. दिवसाउजेडी दोन-तीन प्रकरणं वाचावीत आणि ठेवून द्यावा.

मोबाईलवर वाचत असाल तर दिशा उजवीकडून डावीकडे आणि दोन पानं शेजारी दिसतील अशी सेटिंग लावा. ही बाब महत्त्वाची आहे. चित्रकार धक्का बहुतेक वेळा पान उलटल्यावर समोर येणाऱ्या उजव्या पानावर ठेवतो. दिशा चुकली की तो आधीच दिसतो आणि मग पुस्तक 'उगाच भडक' वाटायला लागतं.

आता प्रतिक्रिया. वही घ्या आणि जिथं अंगावर काटा आला त्या पानाचा नंबर लिहा. त्या पानावर परत जा आणि चौकटी मोजा. समजा, एकाच चेहऱ्याच्या चार चौकटी आहेत. पहिलीत मागं खोली दिसते, दुसरीत डोळ्यांखालच्या रेघा वाढतात, तिसरीत संवादाचा फुगा गायब होतो, चौथीत मागं नुसता कोरा कागद. रक्ताचा थेंब नाही, तरी घसा कोरडा पडतो. हे सापडलं की तुमच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी आलं. पुढचा प्रश्न असा, की हे घडतंय, की पात्राच्या डोक्यात चाललंय? तो न विचारता 'लेखकच विकृत' म्हणून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. 'मला काहीच वाटलं नाही' ही फुशारकी तितकीच पोकळ.

एखादं चित्र डोळ्यांपुढून हटत नसेल तर रंकाळ्यावर फेरी मारा, पण चालताना डोळे रिकामे राहतात आणि चित्र परत येतं. त्यांना काम द्या. ऑक्सफर्डमध्ये 2009 साली एक प्रयोग झाला. त्रासदायक फिल्म पाहिल्यावर अर्ध्या तासानं दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम, खेळलेल्यांच्या डोळ्यांपुढं नंतर ती दृश्यं आपोआप कमी वेळा आली. प्रयोग फिल्मवरचा आहे, तरी चित्रांच्या बाबतीत करून बघायला हरकत नाही. बरेच दिवस झोप उडाली किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

'चित्रांचं पुस्तक म्हणजे पोरांचं' हा समज घरोघरी आहे, म्हणून खंड भाचरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. मित्राला देताना कथा सांगू नका, मजकुराचं नाव घ्या: 'भावा, तिसऱ्या खंडात आत्महत्येचा प्रसंग आहे. झेपत असंल तरच ने.'