जुना क्रमांक न गमावता घरचा लँडलाइन फोन फायबरवर नेताना

घरचा लँडलाइन फोन तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर न्यायचा विचार बहुतेक घरांत पावसाळ्यातच सुरू होतो. रस्त्याखालच्या जोडणीत पाणी शिरते, बोलताना खरखर येऊ लागते, मग एके दिवशी डायल टोनच जातो आणि तक्रार नोंदवल्यावर लाइनमनची वाट पाहण्यात आठवडा निघून जातो. आमच्याकडे असे सलग तीन पावसाळे गेल्यावर आम्ही आईवडिलांच्या घरचा फोन फायबरवर नेला. दोघांनाही मोबाइलवर नीट ऐकू येत नाही आणि चाळीस वर्षांचे स्नेही त्यांना त्याच जुन्या क्रमांकावर फोन करतात, त्यामुळे हे काम घाईने उरकण्यासारखे नव्हते. तार ओढणे आणि यंत्र बसवणे हे तंत्रज्ञ दोन-तीन तासांत करतो. घरच्यांनी स्वतः लक्ष घालायचे ते क्रमांक टिकवण्याकडे आणि वीज गेल्यावरही फोन चालू राहील याच्या तजविजीकडे.

आधी बदल नेमका काय होतो ते समजून घ्यावे. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टचा वीजपुरवठाही एक्स्चेंजमधून येतो आणि तिथे मोठ्या बॅटऱ्या असल्यामुळे गावभर अंधार असला तरी साधा फोन वाजतो. फायबर ही काचेची तार असून तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून घरात एक यंत्र बसवावे लागते, ज्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात आणि घरोघरी ‘मोडेम’ किंवा ‘वायफायचा डबा’ म्हटले जाते. हे यंत्र आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो इंटरनेटच्या मार्गाने पाठवते, आणि तुमचा नेहमीचा फोन त्याच्याच मागच्या खाचेत जोडला जातो. एका संभाषणाला सेकंदाला जेमतेम ८० ते ९० किलोबिट लागतात, त्यामुळे फोनसाठी महागडा, वेगवान प्लॅन घेण्याचे काहीही कारण नाही.

आता क्रमांकाविषयी. मोबाइलचा क्रमांक तसाच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे आहे, पण लँडलाइनला ती नाही. ०२० किंवा ०२२ ने सुरू होणारा तुमचा जुना क्रमांक ज्या कंपनीचा आहे तिच्याकडेच राहतो. दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले तर नवा क्रमांक मिळणार हे धरून चालावे. त्याच कंपनीत राहून तांब्यावरून फायबरवर जाताना मात्र क्रमांक टिकवता येतो, आणि भारत संचार निगमच्या जोडणीतही अशी सोय आहे. फक्त ती आपण होऊन मागावी लागते. फायबर ओढण्याचे काम पुष्कळदा स्थानिक केबलचालकांकडे असते आणि नवी जोडणी, नवा क्रमांक देणे त्यांना सोपे जाते. म्हणून अर्जावर ‘सध्याच्या क्रमांकासह फायबरवर रूपांतर’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याची पोच घ्यावी. आमच्या परिचयातील एका कुटुंबाकडून आधी जुनी जोडणी बंद करण्याच्या अर्जावर सही घेतली गेली आणि तीस वर्षांचा क्रमांक कायमचा गेला. त्या घरातल्या आजींना त्याचे वाईट वाटणे अजून थांबलेले नाही. क्रमांक नव्या तारेवर वाजल्याशिवाय जुनी जोडणी परत करण्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

जोडणी कोणाच्या नावावर आहे तेही अर्जापूर्वी पाहून घ्यावे. अनेक घरांत बिल अजून दिवंगत आजोबांच्या नावाने येते. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर हस्तांतर करून घ्यावे, नाहीतर अर्ज मध्येच अडतो. त्याच बैठकीत हा क्रमांक कुठे कुठे नोंदवलेला आहे याची यादी करावी: गॅसचे बुकिंग, बँक, विमा, सोसायटीचे कार्यालय, नेहमीचे डॉक्टर. नवा क्रमांक घेणे अटळच असेल, तर दोन महिने दोन्ही जोडण्या चालू ठेवाव्यात आणि या यादीतील एकेक नोंद बदलून घ्यावी. त्या दोन महिन्यांचे जादा भाडे सार्थकी लागते.

प्रत्यक्ष काम दोन टप्प्यांत करून मागावे. आधी फायबर येऊन इंटरनेट चार-सहा दिवस नीट चालू द्यावे, जुना फोन तोवर तांब्यावरच राहू द्यावा, आणि मगच क्रमांक हलवण्यास सांगावे. तंत्रज्ञाकडे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यावरचा आकडा तुमच्यासमोर पाहावा आणि लिहून ठेवावा. तो उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर समाधानकारक समजावे. उणे २७ च्या आसपास असेल, तर जोडणी आज चालली तरी थोड्याशा धक्क्याने बंद पडण्याची शक्यता असते, म्हणून सांधा पुन्हा करून मागावा. तार दाराच्या फटीतून चेमटून किंवा कोपऱ्यावर काटकोनात वळवून नेऊ देऊ नये, आणि जिथे उंदरांचा वावर आहे तिथे ती नळीतून न्यावी. सुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण तिच्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो लेसरचा असतो.

जुना फोन संच बहुधा तसाच चालतो, फक्त तो टोनवर हवा. ज्या संचांवर टोन आणि पल्स असे छोटे बटण असते तिथे ते टोनकडे सरकवावे; गोल तबकडीचे जुने फोन मात्र बऱ्याच ओएनटींवर घंटी वाजवतात, पण त्यांच्यावरून क्रमांक फिरवता येत नाही. फॅक्स अजून वापरात असेल, तर त्याची वेगळी चाचणी घ्यावी, कारण तो इंटरनेटच्या मार्गावर भरवशाने चालेलच असे नाही. घरात दोन-तीन खोल्यांत समांतर फोन असतील, तर ओएनटीच्या खाचेतून निघणारी तार भिंतीतल्या जुन्या वायरिंगला जोडता येते. मात्र त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची तार डबीतून सोडवून पूर्ण वेगळी केलीच पाहिजे. एक्स्चेंजचा वीजपुरवठा उलट दिशेने ओएनटीत शिरला, तर त्याची फोनची खाच जळू शकते. हे काम घरी न करता तंत्रज्ञाकडून करून घ्यावे.

विजेकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, म्हणून इथे थोडे थांबतो. बहुतेक ओएनटींना १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि बाजारात राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. विकत घेण्यापूर्वी ओएनटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचावेत आणि तेच आकडे यूपीएसवर आहेत याची खात्री करावी. त्यांच्या वेष्टनावर ८,००० किंवा १०,००० मिलिॲम्पिअर-तास असे मोठे आकडे छापलेले असतात, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, १२ व्होल्टचे नव्हेत. ८,००० चा संच म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. ओएनटी १० वॉट घेत असेल, तर हिशेबाने तीन तास आणि रूपांतरातील घट धरता अडीच तास चालेल. कोकणात वादळवाऱ्यात वीज दिवसदिवस जाते, तिथे हे पुरणार नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास ओएनटीचा प्लग त्याच्या लाइनवरच घ्यावा. कॉर्डलेस फोनच्या तळालाही वीज लागते हे विसरले जाते, म्हणून एक साधा तारेचा फोन जोडलेला ठेवावा. केबलचालकाच्या टोकाकडील यंत्रणेला किती वेळ बॅटरी पुरते हेही त्याला विचारून घ्यावे, कारण तिथली वीज गेली तर तुमचा यूपीएस निरुपयोगी ठरतो.

क्रमांक नव्या तारेवर आला की तंत्रज्ञ घरात असतानाच चाचणी घ्यावी. मोबाइलवरून घरी फोन करावा, घरून मोबाइलवर करावा (१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० फिरवावे लागते), एखादा स्थानिक आणि एखादा परगावचा लँडलाइन क्रमांक लावून पाहावा. दहा मिनिटे सलग बोलून आवाज तुटतो का ते ऐकावे. एका बाजूचाच आवाज ऐकू येत असेल, तर दोष बहुधा यंत्राच्या मांडणीत असतो आणि तंत्रज्ञ तो तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतो. शेवटी घराचा मुख्य स्विच बंद करून पुन्हा एक फोन लावावा. ही चाचणी अवघडल्यासारखी वाटली तरी टाळू नये. आमच्याकडे यूपीएसची तार सैल बसलेली होती ती याच वेळी कळली.

त्यानंतरच जुन्या खात्याचे अंतिम बिल मागावे, अनामत रक्कम परत मिळणार की नव्या खात्यात वळती होणार ते लेखी घ्यावे, आणि कंपनीचा जुना मोडेम असल्यास परत करून पावती जपून ठेवावी.

घरात वयस्कर माणसे असतील, तर आणखी एक काम उरते. रात्री झोपताना किंवा गावाला जाताना सगळी बटणे बंद करायची त्यांची जुनी सवय असते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात फोन दोनदा ‘बंद पडला’ तो केवळ त्यामुळे. ओएनटीच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘फोनचे बटण, बंद करू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि फोनशेजारी एका कार्डावर, ओएनटीवर लाल दिवा लागल्यास कोणाला कळवायचे तो मोबाइल क्रमांक, आधी ० लावून, लिहून ठेवावा. फोनच बंद असल्यास तो शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून लावायचा, हेही त्याच कार्डावर लिहावे.