प्रोबेशनवर सुटल्यावर काय सांभाळायचं: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांसाठी

१९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली कोर्टानं तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलं की घरचे पेढे वाटतात. पण केस संपलेली नसते, शिक्षा फक्त थांबवून ठेवलेली असते. चांगल्या वागणुकीचा बॉन्ड, म्हणजे लेखी हमी, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. प्रोबेशन ऑफिसरची देखरेख लावली असेल, तर ती किमान एक वर्षाची.

सगळ्यात आधी अटी समजून घ्या. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो, आणि न वाचता सही होते. अटी समजावून सांगणं आणि देखरेखीच्या आदेशाची प्रत तुम्हाला नि जामीनदाराला देणं हे कोर्टाचं काम आहे. म्हणून सही करण्याआधीच ‘मराठीत सांगा’ म्हणा, संकोच नको. मग वहीत उतरवा: राहायचं कुठं, हजेरी कधी, दारू बंद आहे का.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कामासाठी बाहेर पडताना. खानापूरचा पोरगा न सांगता गोव्याला बांधकामावर जातो, इकडे हजेरी चुकते, आणि समन्स किंवा वॉरंट निघतं. आदेशात राहण्याची अट असेल तर जाण्याआधी ऑफिसरला सांगा, आणि अट बदलण्याचा अर्ज कोर्टाकडे करायला त्यांना सांगा, कारण कायद्यानं तो अर्ज ऑफिसरनं करायचा असतो. सोबत ठेकेदाराची चिठ्ठी, खोलीचा पत्ता, फोन नंबर जोडा. तोंडी ‘जा’ म्हटलं, त्यावर विसंबू नका. अट पहिल्यांदाच मोडली तर कोर्ट पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बॉन्ड चालू ठेवू शकतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं.

हजेरीला गेलात की तारीख, वेळ वहीत लिहा. बसचं तिकीट चिकटवून ठेवलं तरी त्यावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

दारू रोजची असेल तर एकदम बंद करू नका. हात थरथरतात, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत उपचार होतात, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. उपचाराचे कागद जपा.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला विचारा.

वागणूक चांगली राहिली आणि देखरेखीची गरज उरली नाही, तर मुदतीआधीही बॉन्डमधून मोकळं करता येतं. तो अर्ज ऑफिसरनं कोर्टाकडे करायचा असतो. वही आणि उपचाराचे कागद घेऊन तुम्हीच त्यांच्याकडे विषय काढा.