मालवणच्या गढूळ पाण्यात वामेचा फोटो

मालवणला पाणी गढूळ म्हणून बरेच डायव्हर कॅमेरा घरीच ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत राहणाऱ्या वामेचा, म्हणजे मोरे ईलचा, इथे फार सुंदर फोटो मिळतो. हिवाळ्यात, सकाळी वारा सुटायच्या आधी आणि पूर्ण भरतीला पाणी थबकतं तेव्हा उतरा.

झूम विसरा. तुमच्यात आणि तिच्यात जितकं पाणी जास्त, तितका गाळ फोटोत जास्त. हातभर अंतरावर थांबा. पाच मीटरखाली लाल रंग जवळपास संपतो, त्यामुळे फ्लॅश लागतोच. पण समोरून मारलेला उजेड गाळाच्या कणाकणावरून लेन्समध्ये परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात. दोन्ही स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, दांड्यांवर कॅमेऱ्यापासून लांब घ्या, तोंडं किंचित बाहेर वळवा, उजेडाची नुसती कड तिच्या चेहऱ्यावर येऊ दे. सुरुवातीला कॅमेऱ्यावर अॅपर्चर एफ ८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ २०० ठेवा.

वाम सतत तोंड उघडते-मिटते. ती धमकी नाही. कल्ल्यांवरून पाणी फिरवायला तिला ते करावंच लागतं. वरून क्लिक करू नका, तिच्या डोळ्याच्या पातळीला या आणि थोडा वेळ ती लय नुसती बघा. तोंड उघडायला लागलं की बटण दाबा. नाकपुड्यांच्या दोन बारीक नळ्या पुढे आलेल्या असतात आणि कॅमेरा हटकून त्यांवरच फोकस धरतो, म्हणून फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवा.

बिळातून बाहेर काढायला तिला खाऊ घालणं बंद व्हायला हवं. तिची नजर अधू, नाक तिखट. मासा कुठला नि बोट कुठलं हे तिला कळत नाही. घशात दुसरा जबडाही असतो, तो पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो.

खडकाला धरून फोटो काढू नका. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ हात लागला तरी दुखावतं. आधी तरंगण्यावर ताबा मिळवा, मग कॅमेरा घ्या. गुडघे दुमडून फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारा, म्हणजे तळाचा गाळ उठणार नाही. नेम धरताना श्वास रोखायचा नाही, हे तर सक्त.

वर आल्यावर हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून सगळी बटणं दाबा, पुसा, पूर्ण सुकल्यावरच उघडा. ओ-रिंगवर, म्हणजे पेटी घट्ट बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी पुढच्या डाइव्हला पाणी आत शिरतं.