गाडी घरी उभी असते तेव्हाची तयारी, आणि ती चावीपासूनच का सुरू करायची

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काय घ्यावं असं कोणी विचारलं की लगेच कॅमेरा, अलार्म, जीपीएस अशी यादी सुरू होते, पण माझं ठाम मत आहे की खरेदी सगळ्यात शेवटी, आधी घरातल्या सगळ्या चाव्या टेबलावर आणून ठेवा. रोजची, दुसरी, कपाटाच्या खणात पडलेली, सगळ्या. गाडी घेताना जितक्या मिळाल्या होत्या तितक्या आहेत का बघा. सेकंडहँड गाडी असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण एखादी चावी कुणाकडे राहून गेली असेल ते तुम्हाला कळणारच नाही. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत प्रत्येक चावीतल्या चिपची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असते आणि हरवलेल्या चावीची नोंद सर्व्हिस सेंटरमधून काढून टाकता येते, मग ती चावी कुणाला सापडली तरी गाडी तिच्यावर चालू होत नाही. कंपनीचं मोबाइल ॲप असेल तर तेही तपासा, जुन्या मालकाचं अकाउंट अजून जोडलेलं असेल तर त्याच्या फोनवर गाडी कुठे उभी आहे ते दिसतं आणि काही गाड्यांचे दरवाजे पण उघडतात. ते काढून टाका आणि स्वतःच्या अकाउंटला दुसरीकडे कुठेच वापरत नाही असा पासवर्ड द्या.

आता त्या चाव्या ठेवायच्या कुठे. दाराजवळच्या हुकला किंवा खिडकीजवळच्या टेबलावर तर अजिबात नाही, गजातून काठी घालून चावी ओढून काढणं ही जुनीच पद्धत आहे. पण तुमची गाडी बटण दाबून चालू होणारी असेल तर चोराला चावीला हात लावायचीही गरज पडत नाही. गाडी एक कमजोर रेडिओ सिग्नल सोडते, तो साधारण एखाद-दोन मीटरवरच्या चावीलाच ऐकू यावा अशी रचना असते, चावीने उत्तर दिलं की दार उघडतं. चोर दोघं येतात, एक गाडीजवळ थांबतो, दुसरा अँटेना घेऊन घराच्या भिंतीला लागून फिरतो, गाडीचा सिग्नल पुढे चावीपर्यंत पोचवतात आणि गाडीला वाटतं की मालक शेजारीच उभा आहे. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही, मिनिटभरात गाडी निघून जाते. आणि एकदा इंजिन चालू झालं की चावी लांब गेली म्हणून ते बंद पडत नाही, कारण चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बंद पडणं जास्त धोक्याचं.

यावर सिग्नल अडवणारा पाउच मिळतो, फॅराडे पाउच म्हणतात त्याला, आत धातूचं अस्तर असतं. घ्याच, पण घेतल्यावर चावी त्यात घालून गाडीपाशी जा आणि दार उघडतंय का बघा, उघडलं तर तो पाउच बिनकामाचा. हीच टेस्ट दर दोन-तीन महिन्यांनी करा कारण वापरून वापरून अस्तराला घडीवर चिरा पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाही कधी कधी चालतो, त्याची पण टेस्ट तशीच. आणि दुसरी चावी विसरू नका, लोक रोजची चावी पाउचमध्ये ठेवतात आणि दुसरी तशीच खणात पडलेली असते, चोराला कुठलीही एक पुरते. बऱ्याच नव्या चाव्या काही वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात, म्हणजे सिग्नलला उत्तर देत नाहीत, काही गाड्यांच्या सेटिंगमध्ये कीलेस, म्हणजे चावी खिशात असताना दार आपोआप उघडायची सोय, बंद करता येतं, काहींमध्ये गाडी चालवायच्या आधी पिन मागायची सोय असते. मॅन्युअल काढून एकदा वाचा, हे सगळं फुकट आहे.

पाउच घेतला म्हणजे झालं असं मात्र नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण इथेच लोक निर्धास्त होतात. 2023 मध्ये एक वेगळी पद्धत सविस्तर उजेडात आली, त्यात चोर बंपर किंवा चाकाजवळचं प्लास्टिक ओढून हेडलाइटच्या मागच्या वायरींपर्यंत जातात आणि तिथून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवर खोटे मेसेज पाठवतात की चावी बरोबर आहे, दार उघड. चावीचा संबंधच नाही. त्यामुळे गाडी उभी असताना बंपरचा कोपरा सुटलेला किंवा चाकाजवळचं आतलं प्लास्टिक खाली लोंबलेलं दिसलं तर कुणाचा धक्का लागला असेल म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी गाडी दुसरीकडे हलवा. याशिवाय डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक पोर्टला, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला कॉम्प्युटर जोडतो त्या सॉकेटला, मशीन लावून नवी चावी बनवणारे पण आहेत, त्या पोर्टवर बसवायचं कुलूप मिळतं.

म्हणून इलेक्ट्रॉनिक गोष्टींच्या जोडीला एक तरी लोखंडी गोष्ट हवीच. अमेरिकेत 2021-22 च्या सुमारास ह्युंदाई आणि किया कंपन्यांच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या स्टिअरिंगखालचं कव्हर काढून यूएसबी केबलच्या टोकाने चालू करून पळवल्या जात होत्या, व्हिडिओ बघून अगदी पोरं चोरत होती, तेव्हा कंपन्यांनी सॉफ्टवेअर अपडेट दिलं आणि सोबत फुकट वाटले ते साधे स्टिअरिंग लॉक. स्टिअरिंग लॉक तुटत नाही असं नाही, पण तोडायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि बाहेरून दिसतो, म्हणून शक्यतो भडक रंगाचा घ्या. घेताना एकच गोष्ट बघा, रात्री दमून घरी आल्यावर अंधारात एका हाताने तो बसवता येतोय का. येत नसेल तर पंधरा दिवसांत तो डिकीत जाणार. खूप भारी पण किचकट लॉकपेक्षा रोज लागणारा साधा लॉक कधीही बरा, आणि हा नियम या यादीतल्या प्रत्येक वस्तूला लावून बघा. लपवलेला कट-ऑफ स्विच, म्हणजे तो बंद असेल तर गाडी चालूच होत नाही असं बटण, पण चांगला उपाय आहे, फक्त वायरिंग जाणणाऱ्याकडूनच बसवा आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

दुचाकीवाल्यांनी जास्त काळजी घ्या. हँडल लॉक म्हणजे सुरक्षा नाही, जोर लावला की तुटतो, आणि तोडायची तरी गरज काय, दोन-तीन जण मिळून अख्खी बाइक उचलून टेम्पोत टाकतात. त्यामुळे बाइक एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीला बांधलेली पाहिजे, जमिनीत किंवा भिंतीत काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला अँकर, म्हणजे साखळी अडकवायची लोखंडी कडी, सगळ्यात उत्तम, नसेल तर जाड खांब, तेही नसेल तर दोन बाइक एकमेकींना. साखळी फक्त चाकातून घेऊ नका, चाक खोलून ठेवून बाकीची गाडी नेतात, फ्रेममधून घ्या. आणि साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, बोल्ट कटरचं एक हँडल जमिनीला टेकवून त्यावर अंगाचा भार टाकता येतो, तीच साखळी वर ताणलेली असेल तर कटर धरायलाच अवघड जातं. जाडी महत्त्वाची, कडक केलेल्या पोलादाच्या 16 मिलिमीटर जाड कड्या हाताच्या कटरला बहुतेक दाद देत नाहीत. लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे मात्र काहीच कायमचं टिकत नाही, पण ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या रात्री लपत नाहीत. डिस्क लॉक, म्हणजे चाकाच्या ब्रेक डिस्कला लावायचं कुलूप, घेतला तर हँडलला रंगीत रिमाइंडर केबल लावाच, नाहीतर सकाळी घाईत लॉकसकट गाडी पुढे घ्याल आणि आपटाल. वरून कव्हर टाका, साधं मळकट असलं तरी चालेल, कुठली बाइक आहे आणि काय लॉक आहे हे आधी येऊन बघून जाणाऱ्याला कळत नाही. ई-बाइकची बॅटरी निघत असेल तर रात्री घरात.

जागेचं थोडक्यात. गेट असेल तर ते रोज बंद करायचं, दोन गाड्या असतील तर ज्या गाडीवर चोराची नजर जाईल ती आत आणि दुसरी तिच्यामागे आडवी. हालचालीवर लागणारा दिवा लावा. गॅरेज असेल तर त्याचा रिमोट गाडीत सोडू नका, आणि वर सरकणाऱ्या ऑटोमॅटिक दाराला आतून इमर्जन्सीची दोरी असते, ती वरच्या फटीतून तार घालून बाहेरून ओढता येते, तिथे आडोसा म्हणून एखादी पट्टी बसवून घ्या. कॅमेरा चोर थांबवत नाही, रेकॉर्ड करतो, म्हणून तो छतावरून नुसतं डोकं दाखवणारा नको, चेहरा आणि नंबर प्लेट दिसेल इतक्या उंचीवर हवा, आणि त्याचं रात्रीचं फुटेज एकदा स्वतः बघा. गाडी लॉक केल्यावर हँडल ओढून बघायची सवय लावा, जॅमर लावून रिमोटचा सिग्नल अडवला तर तुम्ही बटण दाबता पण दार उघडंच राहतं. अलॉय चाकं असतील तर खास किल्लीनेच खुलणारे लॉकिंग नट लावा, त्यांची किल्ली ग्लोव्ह बॉक्समध्ये नको.

ट्रॅकर बसवाल तर लपवून, स्वतःची बॅटरी असलेला. डायग्नोस्टिक पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर चोर पहिल्या मिनिटात काढून फेकतो. ॲपलच्या एअरटॅगसारखे, वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारे टॅग स्वस्त आणि छोटे आहेत, पण पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरतोय असं ते चोराच्या फोनलाही कळवतात, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

शेवटी एक फोल्डर फोनवर आणि एक कॉपी दुसरीकडे कुठेतरी: गाडीचे चारही बाजूंचे फोटो, ओरखडे आणि स्टिकर जवळून, 17 अक्षरी चासी नंबर, इंजिन नंबर, विम्याचा पॉलिसी नंबर, ट्रॅकरचं लॉगिन. मूळ कागद गाडीत ठेवू नका, त्यावर तुमचा पत्ता असतो. गाडी गेलीच तर विमा कंपनी बहुतेक वेळा सगळ्या चाव्या मागते, पहिल्याच दिवशी त्या टेबलावर मोजून घेतलेल्या असतील तर तिथे अडणार नाही. आणि ट्रॅकरवर गाडी दिसली तरी स्वतः आणायला जाऊ नका, घरातल्या कुणालाही जाऊ देऊ नका, लोकेशन पोलिसांना द्या आणि फोनवर त्यांच्याशी बोलत राहा.